पेटंट कशाचे, छाप कोणाची?

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी झालेल्या एका फॅशन प्रदर्शनात तेथील एका नामांकित गृहाने पुरुषांसाठी ज्या चपला सादर केल्या, त्या पाहून कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत संतापाची लाट उसळली. चपला उघडउघड कोल्हापुरी वळणाच्या होत्या आणि कोल्हापूरचे नाव मात्र कोठेही नव्हते. पुढे त्या गृहाने या पादत्राणांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. परंतु दरम्यानच्या चर्चेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढीत राहिला : कोल्हापुरीचे पेटंट आपण वेळीच का घेतले नाही? प्रश्नामागील संताप रास्त होता. प्रश्नातला मुख्य शब्दच तेवढा चुकीचा होता. कोल्हापुरी चपलेचे पेटंट कोणालाच घेता येणार नाही. इटलीतील धनाढ्य कंपनीला नाही, महाराष्ट्र शासनाला नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या चपला शिवणाऱ्या कारागिरालाही नाही. जी वस्तू शेकडो वर्षे बाजारात उघड विकली जात आहे, तिला पेटंटच्या कायद्याचे दारच बंद असते.

‘पेटंट’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की त्याचा मूळ अर्थ पुसट व्हावा यात नवल नाही. एखाद्या वक्त्याचा ‘पेटंट’ विनोद असतो, विद्यार्थ्यांची उशिरा येण्याची ‘पेटंट’ कारणे असतात. दुकानदार म्हणतो, आमच्या नावाचे पेटंट आहे; कवी म्हणतो, माझ्या कवितेचे पेटंट घ्यावयाचे आहे. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही विधाने अर्थशून्य आहेत. नावाची नोंद होते ती व्यापारचिन्ह म्हणून, १९९९ च्या कायद्याखाली. कवितेला संरक्षण मिळते ते प्रताधिकाराचे, १९५७ च्या कायद्याने; आणि तेही कोणत्याही नोंदणीवाचून, कविता कागदावर उतरल्या क्षणापासून. शाळकरी मुलाच्या दप्तरातले साधे पेन घेतले, तरी हे सारे हक्क त्या एका वस्तूत एकत्र नांदताना दिसतील. शाई झिरपू न देणारी एखादी नवी युक्ती त्यात असेल, तर तिचे पेटंट. टोपणावरचे नाव हे व्यापारचिन्ह. पेनाचा डौलदार आकार हा अभिकल्प, त्याचा कायदा २००० सालचा. आणि सोबतच्या पत्रकातील मजकूर व चित्र यांवर प्रताधिकार. प्रत्येक हक्काची मुदत वेगळी, दाद मागण्याची रीत वेगळी. एकाचे नाव दुसऱ्याला दिले की माणूस चुकीच्या दारावर जाऊन उभा राहतो.

पेटंटला मराठी पारिभाषिक कोशांनी ‘एकस्व’ असा सुबक शब्द दिला आहे. तो सरकारी कागदांपलीकडे फारसा गेला नाही, ही गोष्ट वेगळी. या शब्दातून एका माणसाचे ‘स्व’त्व, म्हणजे मक्तेदारी, सूचित होते. मूळ युरोपीय शब्दाचा अर्थ मात्र जवळजवळ उलट आहे. लॅटिनमधील ज्या धातूपासून तो आला, त्याचा अर्थ ‘उघडे असणे’. राजाची काही पत्रे मोहोर फोडल्यावाचून वाचता येत नसत. काही मात्र उघडी असत, मोहोर खाली लोंबत असे आणि मजकूर कोणीही वाचावा असा उद्देश असे. हीच ‘उघडी पत्रे’. इंग्लंडच्या राजेराण्यांनी अशा उघड्या पत्रांनी मर्जीतल्या माणसांना नको तितके मक्ते वाटले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात खेळण्याच्या पत्त्यांचाही मक्ता होता, आणि तो न्यायालयाने १६०२ च्या सुमारास अवैध ठरविला. अखेर १६२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून असे सारे मक्ते रद्द केले. अपवाद ठेवला तो मुख्यतः नव्या निर्मितीचा, आणि तोही चौदा वर्षांपुरता. चौदा हा आकडा कोठून आला? कारागिराच्या हाताखाली उमेदवारी सात वर्षांची असे. दोन उमेदवाऱ्यांचा काळ म्हणजे चौदा वर्षे, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. व्हेनिस प्रजासत्ताकाने मात्र याच्या दीडशे वर्षे आधी, १४७४ मध्येच, असा कायदा केला होता.

हिंदुस्थानात हा कायदा आला १८५६ साली, कंपनी सरकारच्या अमदानीत. आणि त्याखालचा पहिला हक्क कशासाठी मागितला गेला, हे कळले की त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग या कलकत्त्याच्या अभियंत्याने ३ मार्च १८५६ रोजी अर्ज केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेबाच्या कचेरीत छताला टांगलेला झालरीचा पंखा बाहेर बसून दोरीने ओढणारा पंखेवाला झोपी जाई, हा त्या काळचा ‘औद्योगिक प्रश्न’ होता. गंमत अशी, की खुद्द तो कायदाच विलायतेतील राणीच्या पूर्वसंमतीवाचून केला गेला म्हणून रद्द करावा लागला आणि १८५९ मध्ये नव्याने करण्यात आला. कायद्यालाही औपचारिकतेची अडचण नडते ती अशी.

पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला एक सौदा होय. संशोधक आपले गुपित सांगतो. नुसते सांगत नाही, तर त्या विषयाचा जाणकार ते वाचून वस्तू बनवू शकेल इतक्या तपशिलाने लिहून देतो. त्याच्या मोबदल्यात समाज त्याला ठरावीक काळापुरता इतरांना रोखण्याचा अधिकार देतो. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे. ज्याला गुपित ठेवावयाचे आहे, त्याने पेटंटच्या वाटेला जाऊ नये. एके काळी ज्यांना ‘पेटंट औषधे’ म्हणत, त्या बाटल्यांपैकी बहुतेकांचे पेटंट कधी घेतलेच गेले नव्हते, याचे कारण हेच. घटकद्रव्ये लिहून देणे त्यांच्या उत्पादकांना परवडणारे नव्हते. नाव तेवढे राखले की धंदा चालत होता.

भारतात आज ही मुदत अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून वीस वर्षे आहे. अर्ज साधारणतः अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि तो कोणालाही वाचता येतो. कागदाच्या या सर्व पसाऱ्यात खरे मर्म असते ते शेवटच्या क्रमांकित कलमांत. इंग्रजीत त्यांना ‘क्लेम’ म्हणतात. मराठीत ‘दावे’ म्हणावे, तर कचेरीतल्या माणसाला आधी दिवाणी दावाच आठवतो. म्हणून ‘हक्ककलमे’ म्हटलेले बरे. वीस-पंचवीस पाने वर्णनाची असली, तरी संशोधकाची हद्द ठरते ती या कलमांनी. जमिनीच्या खरेदीखतात क्षेत्र आणि चतुःसीमा यांना जे महत्त्व, तेच यांना. कलम फार रुंद लिहिले तर जुन्या ज्ञानाच्या बांधावर जाऊन आदळते. फार अरुंद लिहिले तर शेजारी सहज वळसा घालून जातो.

आणखी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पेटंट मिळाले म्हणजे ती वस्तू बनविण्याचा परवाना मिळाला, असे अनेक जण समजतात. वस्तुतः हा हक्क निषेधाचा आहे. तो इतरांना ‘करू नका’ म्हणण्याचा अधिकार देतो, स्वतःला ‘कर’ म्हणत नाही. एकाच्या यंत्रावर दुसऱ्याने खरीखुरी सुधारणा केली, तर दुसऱ्याला त्या सुधारणेचे पेटंट मिळू शकते. तथापि मूळ यंत्राच्या मालकाच्या संमतीवाचून ती सुधारणा त्याला वापरता येईलच असे नाही. औषधाचे पेटंट मिळाले, म्हणून ते विकण्याची औषध नियंत्रकांची परवानगीही मिळाली, असे होत नाही. शिवाय हा हक्क देशाच्या सीमेपाशी थांबतो. ‘जागतिक पेटंट’ अशी वस्तू अस्तित्वात नाही. आंतरराष्ट्रीय करारांमुळे एका देशात अर्ज केल्यावर बारा महिन्यांच्या आत दुसरीकडे अर्ज केल्यास पहिली तारीख राखता येते, एवढेच.

पेटंट मिळण्यासाठी तीन कसोट्या आहेत : नावीन्य, कल्पक पायरी आणि औद्योगिक उपयोग. पहिलीकडे जाण्याआधीच मराठी माणूस एका शब्दापाशी अडखळतो. तो शब्द म्हणजे ‘शोध’. आपल्या पाठ्यपुस्तकांत गुरुत्वाकर्षणाचाही शोध, अमेरिकेचाही शोध आणि वाफेच्या यंत्राचाही शोधच. कायद्याच्या लेखी या दोन अगदी भिन्न जाती आहेत. जे निसर्गात आधीच होते आणि माणसाला केवळ सापडले, त्याचे पेटंट होत नाही. जे नव्हते आणि माणसाने घडविले, त्याचे होऊ शकते. हिंदीने दुसऱ्यासाठी ‘आविष्कार’ योजला. मराठीत तो शब्द कलावंताच्या अभिव्यक्तीसाठी आधीच अडकलेला. तरी मराठी क्रियापदांत हा भेद थोडासा जिवंत आहे : शोध ‘लागतो’ आणि शोध ‘लावला’ जातो. एकात वस्तू आपण होऊन समोर येते, दुसऱ्यात माणसाचा हात असतो. बोलताना आपण हा भेद नेहमी पाळतो असे नाही. पाळला असता, तर कायद्याचे निम्मे प्रकरण वर्गात फळ्यावर समजावून देता आले असते.

नावीन्याची कसोटी हळदीच्या प्रकरणाने घराघरांत पोहोचविली. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगाचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये अमेरिकी कार्यालयाकडे फेरतपासणीची मागणी केली. येथे ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ असे सांगून भागणारे नव्हते. अमेरिकी कायद्याला त्या वेळी परदेशातील ज्ञानाचा लेखी पुरावा लागे. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील बत्तीस संदर्भ जमविले गेले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट नामंजूर झाले. कायद्याच्या भाषेत याला ‘पूर्वज्ञान’ म्हणतात. आजीचे ज्ञान पूर्वज्ञान ठरते ते कोणी तरी लिहून ठेवले तर. या धड्यानंतरच पारंपरिक ज्ञानाचे सांकेतिक भांडार उभारण्याचे काम २००१ मध्ये हाती घेण्यात आले.

दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे, आणि ती समजून घेण्यास मिर्झापूरच्या भांड्यांच्या खटल्याइतके चांगले उदाहरण नाही. पितळी भांडी झिलईपूर्वी लेथवर फिरवून घासत असताना ती निसटून उडत आणि कामगारांना इजा होण्याचा धोका असे. तेथील एका भागीदारी संस्थेने १९५१ मध्ये भांडे घट्ट धरून ठेवण्याची एक युक्ती काढली आणि तिचे पेटंट घेतले. काम जलद, सुरक्षित आणि सफाईदार होऊ लागले. मग गावातल्याच दुसऱ्या व्यापाऱ्याने तशी यंत्रे वापरली म्हणून भांडण लागले आणि ते चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला तो पेटंटधारकाच्या विरुद्ध. न्यायालयाचे म्हणणे असे, की युक्ती उपयोगी होती यात शंका नाही. पण जुन्याच साधनाचा जुन्याच पद्धतीने केलेला तो वापर होता. कामात मुरलेल्या कारागिराला जे सहज सुचावे, ती कारखान्यातील किरकोळ सुधारणा होय. तिला पेटंट मिळत नाही. उपयोग आणि कल्पकता यांत हे अंतर आहे. त्या भागीदारांना हा निकाल कठोर वाटला असेल. परंतु प्रत्येक किरकोळ सुधारणेवर वीस वर्षांचे कुंपण घातले गेले, तर कारखान्यात पाऊल टाकण्यास जागा उरणार नाही, हा त्यामागचा विचार आहे.

यापुढचा शब्द माणसाच्या जिवाशी भिडणारा आहे : ‘प्रक्रिया’ की ‘उत्पादन’? श्रीखंडाचे उदाहरण घ्यावे. चक्का करण्याच्या एका विशिष्ट रीतीवर हक्क मिळाला, तर इतरांना निराळ्या रीतीने चक्का करून श्रीखंड विकता येईल. खुद्द श्रीखंडावरच हक्क मिळाला, तर कोणत्याही रीतीने ते करता येणार नाही. पहिले प्रक्रियेचे पेटंट, दुसरे उत्पादनाचे. स्वातंत्र्यानंतरही देशात १९११ चाच कायदा चालू होता. बहुसंख्य पेटंटे परकीयांची, आणि त्यांचा येथे वापर जवळजवळ नाही. औषधे मात्र जगातील सर्वांत महागड्या देशांच्या पंक्तीला बसतील इतकी महाग. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९७० चा कायदा झाला. तो १९७२ च्या एप्रिलमध्ये अमलात आला. अन्न व औषधे यांच्या बाबतीत उत्पादनाचे पेटंट त्याने बंद केले. प्रक्रियेचे दिले, पण फार तर सात वर्षांचे. भारतीय कंपन्या निराळ्या वाटेने तीच औषधे बनवू लागल्या आणि औषधनिर्मितीचा मोठा उद्योग या एका शब्दभेदावर उभा राहिला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारान्वये १ जानेवारी २००५ पासून उत्पादनाचे पेटंट पुन्हा आले.

ते येत असताना संसदेने कायद्यात काही अडसर मात्र घालून ठेवले. त्यांतील तिसऱ्या कलमाचे ‘ड’ उपकलम आता जगप्रसिद्ध झाले आहे. ज्ञात पदार्थाचे केवळ नवे रूप पुढे केले, तर त्याची परिणामकारकता वाढल्याचे दाखवावे लागते. नाही तर ते नवे निर्माण मानले जात नाही. जुन्याच औषधात किंचित फेरफार करून मक्तेदारीची मुदत लांबविण्याच्या प्रवृत्तीवर हा उतारा होता. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये अर्ज केला. त्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये, आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. अर्जाविरुद्ध हरकत घेणाऱ्यांत केवळ प्रतिस्पर्धी कंपन्या नव्हत्या, कर्करुग्णांना मदत करणारी मुंबईची एक संस्थाही होती. पेटंट मंजूर होण्यापूर्वी हरकत घेण्याचा अधिकार आपला कायदा ‘कोणत्याही व्यक्ती’ला देतो. मंजुरीनंतर एक वर्षापर्यंत हरकत घेता येते, पण ती केवळ हितसंबंधितांना. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती. पदार्थ अधिक टिकतो वा अधिक सहज विरघळतो, एवढ्याने ती सिद्ध होत नाही, असा त्या शब्दाचा अर्थ न्यायालयाने लावला.

आणि पेटंट रीतसर मंजूर झालेले असले तरी? तेथे ‘सक्तीचा परवाना’ हा शब्द येतो. मंजुरीला तीन वर्षे उलटल्यावर कोणीही इच्छुक नियंत्रकांकडे जाऊन म्हणू शकतो, की जनतेची वाजवी गरज भागत नाही, किंमत परवडणारी नाही, अथवा त्या शोधाचा भारतात वापरच होत नाही. मला परवाना द्या. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून असा पहिला परवाना दिला गेला. मूत्रपिंड व यकृत यांच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या औषधाची एका महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. मालकाला विक्रीवर सहा टक्के स्वामित्वधन द्यावयाचे होते. अपिलात ते सात झाले. म्हणजे मालकी हिरावून घेतली गेली नाही. तिचा मोबदला ठरवून देऊन दार तेवढे उघडले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम केला.

पेटंटकडून व्यापारचिन्हाकडे वळले की हवाच बदलते. तेथे बुद्धीचे तेज कोणी विचारीत नाही. प्रश्न एवढाच, की या खुणेवरून हा माल अमक्याचा, हे गिऱ्हाइकाला ओळखू येते का? मराठीत यासाठी ‘छाप’ आणि ‘मार्का’ हे दोन अस्सल शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. घोडा छाप, दिवा छाप म्हणून माल मागणाऱ्या निरक्षर गिऱ्हाइकाला व्यापारचिन्हाचे तत्त्व कोणी शिकवावे लागले नव्हते. पेटंट वीस वर्षांनी मरते. छाप दर दहा वर्षांनी शुल्क भरून अमर ठेवता येते. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १८७६ रोजी पहिल्या क्रमांकाने नोंदलेला बास कंपनीच्या बिअरचा लाल त्रिकोण दीडशे वर्षांनंतरही नोंदवहीत आहे. अट एकच, छाप वापरात असली पाहिजे. सलग पाच वर्षांहून अधिक काळ ती वापरली नाही, तर दुसऱ्याच्या अर्जावरून भारतातही ती काढून टाकता येते.

कोणतेही नाव नोंदवता येते असे मात्र नाही. तुपाला ‘शुद्ध’, पेढ्याला ‘गोड’ ही नावे कोणा एकाच्या मालकीची करता येत नाहीत. कारण ती सर्वच विक्रेत्यांना लागणारी वर्णने आहेत. नाव जितके मालापासून दूरचे, तितके ते बळकट. व्यापाऱ्याचा ओढा नेमका उलट दिशेला, मालाचे गुण सांगणाऱ्या नावाकडे असतो. याच्याही पुढचा एक विचित्र प्रकार आहे. नाव फार लोकप्रिय झाले की ते मालकाच्या हातून निसटते. ‘ॲस्पिरिन’, ‘थर्मास’, ‘एस्कलेटर’ ही अमेरिकेत एके काळी कंपन्यांची खासगी चिन्हे होती. लोकांनी त्यांची सामान्यनामे करून टाकली आणि न्यायालयांनी वा नोंदणी कार्यालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणत. आजही तलाठ्याच्या कचेरीबाहेर ‘झेरॉक्स काढून आणा’ असेच सांगितले जाते, यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. झेरॉक्स कंपनीने या वापराविरुद्ध वर्षानुवर्षे जाहिराती दिल्या आहेत. मराठी कारकुनापर्यंत त्या पोहोचल्याचे दिसत नाही.

दोन चिन्हांतील साम्य कसे मोजावयाचे, याचा नमुना म्हणजे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांचा खटला. विद्वान म्हणेल, एक अमृताची धार, दुसरी लक्ष्मणाची. अर्थात कोठेच मेळ नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गिऱ्हाईक शब्दाची फोड करून व्युत्पत्ती पाहत नाही. तो सामान्य बुद्धीचा, अर्धवट स्मरणाचा, गावचा वा शहरातला माणूस असतो. आधी कधी तरी ऐकलेले नाव कानात घोळवीत तो दुकानात येतो. त्याच्या कानाला दोन्ही नावे सारखीच. तथापि लक्ष्मणधाराचा धंदा उत्तर प्रदेशात अनेक वर्षे उघडपणे चालला होता आणि दुसऱ्या पक्षाने तो चालू दिला होता. म्हणून त्या राज्यापुरती नोंदणी कायम राहिली. पुढे २००१ मध्ये हिवतापावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या नावांवरून वाद झाला, तेव्हा न्यायालयाने औषधांच्या बाबतीत अधिक कडक कसोटी लावण्यास सांगितले. साबणाच्या वडीत फसगत झाली तर चार पैशांचे नुकसान. औषधाच्या नावात झाली तर जिवावर बेतते.

जाहिरातींत नावापुढे दिसणाऱ्या दोन खुणांचा भेदही सांगण्यासारखा आहे. ‘टीएम’ ही अक्षरे कोणीही लावू शकतो. त्यांचा अर्थ ‘हे मी माझे चिन्ह मानतो’ इतकाच. वर्तुळात कोंडलेले ‘आर’ हे अक्षर मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच वापरता येते. नोंद नसलेले चिन्ह नोंदलेले म्हणून मिरविण्यास कायद्याची मनाई असून त्याला पूर्वी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. उलट, नोंद नाही म्हणून व्यापारी अगदी निराधार असतो असेही नाही. स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्ध दाद मागता येते; इंग्रजी न्यायपरंपरेतून आलेल्या या उपायाला वकील ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. फरक पुराव्याचा आहे. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र पुढे ठेवावे. नसेल तर बाजारातला लौकिक, गिऱ्हाइकाची दिशाभूल आणि नुकसान हे सारे सिद्ध करीत बसावे. छोट्या दुकानदाराची खरी दमछाक होते ती तेथे.

राहिली कोल्हापुरी चप्पल. तिला आहे ते भौगोलिक मानांकन, १९९९ च्या स्वतंत्र कायद्याखालचे. आणि ते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर. हा हक्क कोणा एका व्यक्तीचा नसतो, तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. तो रक्षण करतो मुख्यतः नावाचे. या आठ जिल्ह्यांबाहेरच्या चपलेला कोणी ‘कोल्हापुरी’ म्हटले, तर हा कायदा आडवा येतो. मिलानच्या गृहाने नाव घेतलेच नव्हते आणि लोकांची तक्रार तर नाव न घेतल्याचीच होती. शिवाय भारतातली नोंद आपोआप इटलीत लागू होत नाही. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक म्हणजे दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. दाद मागावयाची तर त्यांनी रीतसर दाव्याने मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. मालकाखेरीज हा अधिकार कायद्याने दिला आहे तो ‘अधिकृत वापरकर्त्या’ला. चप्पल शिवणाऱ्या कारागिराला तो मिळू शकतो; त्यासाठी त्याला स्वतःच्या नावाने अर्ज करून नोंदवहीच्या दुसऱ्या भागात आपली नोंद करून घ्यावी लागते.